पांढरी बट

आमच्या घराण्यात दर पिढीला एखादं मूल कपाळावर केसांची पांढरी बट घेऊन येतं. मलाही आहे. ऐंशीच्या दशकात देवरूखला वीज गेली की लोक मला कंदिलासारखा पुढे चालवत, इतकी लखलखीत. पण बटवालं मूल बहिरं निघालं, तर गाव त्याला देवीचं मानायचा. देवी बोटाने खूण करते आणि कान स्वतःकडे ठेवून घेते, असं म्हणत. माझी आत्या तशी होती. डोळे निळे, तोंडून शब्द नाही. म्हैस हरवलेली माणसं तिच्यापुढे नारळ ठेवत आणि ती जिकडे बघेल तिकडे धावत. तिचं लग्न कुणी काढलंच नाही.

ताई बाळंतपणाला आली. मुलगी झाली, बट तीच, डोळे तेच. ताईला एकच हवं होतं, पोर ऐकते का ते कळायला. आईने गुरवाकरवी कौल लावला. देवीच्या मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे ऐकते. घर निर्धास्त झालं.

काही महिन्यांनी, भर दुपारी, पितळी परात माझ्या हातून चिऱ्याच्या पायरीवर पडली. आमचे कावळे उडाले ते थेट समुद्रकाठी, आरे-वारेच्या वाळूत जाऊन बसले. पडवीत आत्या आमच्याकडे पाठ करून पाळण्याशी बसली होती. तिची मान हलली नाही. पोर टक्क जागी होती, तिची पापणी हलली नाही. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. यात मात्र पदरचं काही नाही.

“कौल खोटा काय गो आई?” ताई म्हणाली.

“खोटा कसा होईल? ऐकतेच ती. देवीचं ऐकते.” आई नारळ आणायला उठली.

ताईने बाळ आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि हातांनी विचारलं, काय करू? आत्याने पदराने बाळाची बट झाकली आणि एस.टी.च्या थांब्याकडे बोट केलं.

त्याच दुपारी ताई पोरीला घेऊन भावोजींकडे मुंबईला गेली. पोर बहिऱ्यांच्या शाळेत हातांनी भांडायला शिकली. बटेचं आणि बहिरेपणाचं कारण फार पुढे कळलं. इतर जनुकांना कामाला लावणारं एक मुकादम जनुक असतं. गर्भात रंग देणाऱ्या पेशी कण्यापासून निघून केसांत, डोळ्यांत, कानांत जायच्या असतात. मुकादमाच्या दोन प्रतींतली एक बिघडून तो अर्धा पडला की काही पेशी पोचतच नाहीत, आणि कानात त्या नसल्या तर ऐकू येत नाही. मला बटेवर का सोडलं, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हैस हरवलेला एकजण आला. आत्याने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पुन्हा कुणाकडे तोंड केलं नाही. लोक बिचकले. मग नारळ ठेवून तिच्या पाठीला विचारू लागले.