बँडमधला बारावा

आमच्या खामगावात खेळण्यातले जुने शिपाई जमवणारे आम्ही तिघंच, पण ताप तीनशे जणांचा. मी शाळेत क्लार्क, प्लास्टिकवाला. भाऊसाहेब रिटायर्ड तलाठी. शिशाचा नसेल तो शिपाईच नाही, असं त्यांचं म्हणणं. तिसरा विजू मेडिकलवाला, त्याच्याकडे गाडी आहे म्हणून तो ग्रुपमध्ये. दर रविवारी तेच भांडण होतं आणि एक नवा किस्सा मागे उरतो. आता कुठे ठेवू एवढे किस्से?

माझं दुखणं आधीच सांगतो. लहानपणी चहाच्या पुड्यात प्लास्टिकचा एकेक शिपाई फुकट यायचा. त्यातला बारा जणांचा बँड मला पुरा करायचाय. अकरा आहेत, ढोलवाला नाही. वीस वर्षं शोधतोय.

*

दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी भाऊसाहेबांची अख्खी पलटण चिंच लावून घासली. जुन्या शिपायाची किंमत त्याच्या मूळ रंगात असते, हे त्यांना कोण सांगणार? लाल कोट गेले, मिशा गेल्या, उरलं नुसतं चकचकीत शिसं. भाऊसाहेब मटकन खाली बसले.

वहिनी म्हणाल्या, "काऊन, चांगले नाही निघाले का? अजून एक हात मारू?"

*

मी हसलो. मग मे महिन्यात माझी पाळी आली. आमची वरची खोली पत्र्याची. चार दिवस लग्नाला गेलो, परत येऊन बघतो तर शोकेसमधले सगळे कमरेत वाकलेले! बँड खाली कपाटात होता म्हणून वाचला. भाऊसाहेब मुद्दाम बघायला आले.

"शरण आली तुही फौज," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

*

विजूनं माझ्या अकरा जणांचा फोटो नेटवर टाकला. पुण्याहून एकाचा फोन आला. "प्लास्टिकला तशी कलेक्टर व्हॅल्यू नसते हो. पण ओरिजिनल पॅकिंग असेल तर बघू."

अहो, पॅकिंग म्हणजे चहाचा पुडा! तो आईनं फोडला, चहा केला, आम्ही प्यायलो.

"मग निदान रिकामा पुडा?"

मी फोन ठेवला.

*

धाडच्या बाजारात एका भाजीवालीनं तराजूचा झोक सारखा करायला एका पारड्याखाली शिशाचा घोडेस्वार बांधला होता. आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नाही, हा भाऊसाहेबांचा नियम. म्हणून ते वांग्यांकडे बघत राहिले आणि तीन किलो वांगी घेऊन बसले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं.

"न्या ना," ती म्हणाली, "पण मले याच वजनाचं दुसरं काही द्या. काटा चुकला तं लोकं मले बोलतीन."

पुढच्या बाजाराला भाऊसाहेबांनी घरचे घासलेले दोन शिपाई नेऊन बांधले. वजन बरोब्बर जुळलं.

"हे तं त्याच्याहून चकाकतात," ती खूश होऊन म्हणाली.

*

आणि मग वडनेर भोलजी. विजूच्या दुकानात औषध घ्यायला आलेल्या एकानं बँडचा फोटो पाहून सांगितलं, यांच्यातला ढोलवाला आमच्या शेजारच्या काकूंकडे आहे. तिघंही निघालो. प्लास्टिकसाठी पेट्रोल जाळणारा माणूस आपण जन्मात पाहिला नाही, असं भाऊसाहेब रस्ताभर ऐकवत होते. मी ऐकून घेतलं.

काकूंनी पाणी दिलं आणि सरळ देवघराशी नेलं. पितळेच्या देवांच्या रांगेत ढोलवाला उभा, कपाळाला कुंकू. मी सगळे नियम विसरून हात जोडले. "काकू, द्या ना मले. म्हणाल ते देतो."

"तो नाही भेटत," काकू म्हणाल्या. "माह्या पोराच्या बापाचं खेळणं हे, मंग पोराचं. पोरगा मिलिट्रीत आहे माहा. जाताना त्यानंच ठेवला इथं. म्हणे, आई, मी येईपर्यंत याले जेवू घालत जाय."

भाऊसाहेबांनी कधी नव्हे ते माझ्यासाठी तोंड उघडलं. "अहो, प्लास्टिकचा आहे तो. त्याले काही किंमत नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा फारच पडला असावा. त्यांनी पितळेचा बाळकृष्ण उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"एवढ्या दुरून आले, रिकाम्या हातानं काऊन जाता? हा न्या. असे तं बाजारात कितीबी भेटतात."