बारडोलीच्या पट्टीवर खोटं बोललेला काटा

वेगाचा काटा पन्नासवर येऊन रेंगाळला होता आणि पट्टी संपत आली होती. आमचं विमान ताशी साधारण पासष्ट मैलांना जमीन सोडायचं. पुढे पाण्याचा चर, चरापलीकडे ऊसतोड्यांच्या झोपड्या. ब्रेक लावायची वेळ निघून गेली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शेतीफवारणीच्या विमानाचा पायलट होतो. मूळचा धुळ्याचा, मुक्काम सुरतेला. सकाळी जीपने पलसाण्यावरून बारडोलीकडे जायचं, उसाच्या शेतांमधल्या कच्च्या पट्टीवरून उडायचं आणि पिकावर औषध मारायचं, हे काम.

त्या दिवशी औषधाचा टँकर उशिरा आला. पहिली फेरी दुपारवर गेली. एप्रिलचं ऊन, वारा पडलेला. मी मेकॅनिक भामरेला टाकी अर्धीच भरायला सांगितलं. साखर कारखान्याच्या ऊस खात्याचे देसाईभाई तावातावाने आले.

"पायलटसाहेब, टांकी अर्धी काय म्हणून? ऊस खातोय किडा. तो थांबेल का?"

"हवा तापलीय, देसाईभाई. पूर्ण वजन उचलणार नाही."

"हवा तो हवा छे. सकाळी उचलते, दुपारी नाही?"

"नाही. तापली की विरळ होते. पंखाखाली कमी हवा येते, इंजिनालाही कमी मिळते. मग तेवढंच वजन उचलायला जास्त लांब पळावं लागतं. आपली पट्टी तेवढी लांब नाही."

ते पुटपुटत बाजूला झाले. मी निघालो.

विमान हळूहळू वेग घेणार हे मी धरूनच चाललो होतो, त्यामुळे काटा सुस्त चढतोय याचं आधी काही वाटलं नाही. शेपूट वर आलं. काटा चाळीस. मग पन्नास. आणि तिथेच. डोळ्यांना मात्र कडेचा ऊस भन्नाट मागे पळताना दिसत होता.

आता कुणाचं ऐकायचं? गरम हवेत डोळे थोडे फसवतात. काटा हवेच्या दाबावर चालतो. हवा विरळ असली की काट्यावर तोच आकडा दिसायला जमिनीवरून जास्त वेगाने जावं लागतं. पण हा फरक तीन-चार मैलांचा. मला तर पंधरा-वीस मैलांचा वाटत होता.

विमानाचं नाक वर-खाली करणारा हातातला दांडा मी किंचित मागे घेतला. तो जड लागला. विमान उभं असताना हा दांडा ढिला असतो. समोरून हवेचा मारा वाढला की ती शेपटीवरच्या झडपांना रेटते आणि तो रेटा हाताला कळतो. पन्नासला एवढा जोर येत नाही. उडण्याइतकी हवा अंगावर येत होती. काटा खोटा होता.

दांडा ओढला. चाकं सुटली. चर खालून गेला. झोपड्यांसमोर उभी माणसं वर बघत होती. टाकी एका दमात रिकामी करायचा लाल दांडा माझ्या डाव्या हाताशी होता. ओढला असता तर विमान झपकन वर गेलं असतं आणि सगळं विष त्यांच्या अंगावर पडलं असतं. हात तिकडे गेला तसा मी मागे घेतला. छपरांवरून निघालो तेव्हा एका बाईने डोक्यावरचा भारा टाकून पोराला खाली दाबलेलं मला स्पष्ट दिसलं.

मग उंची मिळाली. अंगात असा काही जोर आला होता की मी एकटाच मोठ्याने हसलो.

ठरलेल्या शेतावर, नेहमीपेक्षा जरा उंचावरून, टाकी संपवली. राहिलं उतरणं. विमान फार हळू झालं तर पंख हवा सोडतात आणि ते दगडासारखं खाली येतं. वेग सांगणारा काटा तर कामातून गेलेला. शिवाय तापलेल्या हवेत जमीन नेहमीपेक्षा जोरात येताना दिसते, म्हणजे डोळे सारखे सांगत राहतात, कमी कर, कमी कर. मी इंजिनचा आवाज आणि नाकाची उंची रोजच्यासारखी ठेवली आणि हातातला दांडा ढिला पडू दिला नाही. थोडा जोरातच टेकलो. चरापासून हाकेच्या अंतरावर थांबलो.

भामरे धावत आला. "काय व्हयनं, साहेब?"

"आधी नळी बघ."

पंखाबाहेर बोटाएवढी एक नळी असते. समोरची हवा तिच्यात शिरते आणि तिच्या दाबावर वेगाचा काटा हलतो. भामरेने बारीक तार घातली, तर ओली माती निघाली. टँकरची वाट बघत चहाला बसण्याआधीच नळीवरची कापडी टोपी काढून ठेवली होती. तेवढ्यात कुंभारीण माशीने आत घर बांधायला घेतलं होतं. तोंड अर्धवट बुजलं होतं. जी थोडी हवा आत जाई, तीही पाणी निथळायच्या भोकातून निसटे. काटा साफ मेला असता तर मी सुरुवातीलाच थांबलो असतो. तो निम्मं खरं सांगत होता, म्हणून मी फसलो.

देसाईभाईंनी माती बोटावर घेतली. चराकडे पाहिलं, मग झोपड्यांकडे.

"टांकी फुल असती तर?"

"तर झोपड्यांच्या वरून गेलो नसतो."

त्यांनी बोटावरची माती झटकली. मग टँकरवाल्याला म्हणाले, "काले सवारे. सूरज ऊगे ते पहेलां." म्हणजे टँकर उद्या सकाळी, सूर्य उगवायच्या आत.

पुढे नवे पायलट शिकवताना मी एवढंच सांगत आलो. काटा, डोळे आणि हात यांचं जमेनासं झालं, तर त्यातलं कोण कशावरून बोलतंय ते आधी बघा. आणि टोपी इंजिन सुरू करायच्या आधी काढा, चहाच्या आधी नाही.