वाटून गेलेली वच्छलाबाई

तर गाडी जुंपलेली, बैल मानेला झटके देत उभे, आणि वच्छलाबाई काही केल्या गाडीत बसेना. काल तिला अंगणातच उभी ठेवून आपण उठलो होतो, तिथूनच पुढं घेऊ. काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की ही चिंचबोडीची वच्छलाबाई. चिंचबोडी म्हणजे पोंभुर्ण्याच्या अलीकडं, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपून जंगल लागतं तिथलं गाव. साल सत्तावन. बाईचं वय बाईलाही ठाऊक नव्हतं, पण गावात तिला 'वच्छले' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, यावरून काय ते समजा.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. काठीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं नातसुनेच्या, कमळाच्या हातात. नाल्यावर जायचं तरी काठी, देवळात जायचं तरी काठी. रोवण्याच्या दिवसांत गावच्या सगळ्या बाया चिखलात उभ्या राहून गाणी म्हणायच्या, आणि कमळा आपली काठीच्या टोकाला. बाईला आंधळेपण सोसत होतं. ही धडधाकट पोर आपल्यापायी घरी बसते, ते सोसत नव्हतं. एकदा स्वतःच्या पायानं मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला जायचं, आणि कमळाला मोकळं सोडायचं, एवढीच तिची आस.

अशात मोठ्या रस्त्यावर सरकारचा नवा दवाखाना उघडला. तिथला डॉक्टर सायकलनं गावोगाव फिरे. तो चिंचबोडीला आला, चावडीवर त्यानं बाईची पापणी वर केली आणि म्हणाला, "पिकला आहे हा. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन काढू. खर्च सरकारचा."

गावचे मोठे कास्तकार गुणवंतराव तिथंच बसले होते. साठी उलटलेले, पण आवाज अजून ढोलासारखा. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सरकारचं औषध म्हंजे तलावाचं पाणी. ते तरण्या धानाले सोडा. कापणीले आलेल्या बांधीत पाणी सोडून कोणाचं भलं होते?"

लोकांनी माना डोलावल्या. बोलणं गावाला पटण्यासारखंच होतं. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत आधी जायचं, यावरून दरसाल डोकी फुटत. डॉक्टर सायकलच्या दांडीला पिशवी अडकवत म्हणाला, "भाऊ, सरकारनं मला औषधं दिली, सुया दिल्या. वयाची अट काही दिली नाही."

वच्छलाबाई आवाजाच्या दिशेनं वळली. "मंग माह्यं नाव लिवा. अन् गुणवंता, गाडी तुहीच लागन."

गुणवंतरावांनी गाडी दिली हो. बोलायला कडू, पण गाडीला नाही म्हणणारा माणूस नव्हता तो.

आता गाडीत बसेना का, ते ऐका. आमच्या भागात रीत होती. म्हातारं माणूस लांबच्या वाटेला लागलं, की आपल्या चार वस्तू आपल्या हातानं वाटून जायचं. मागं भांडणं नकोत. आणि चांद्याला डोळे करायला गेलेलं चिंचबोडीचं म्हातारं परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, कारण तोवर कुणी गेलंच नव्हतं. बाईनं चाचपत चाचपत वाटणी केली. खाट दिली शेजारच्या चैतूला, तिच्या नवऱ्याबरोबर जंगलात हिंडलेल्या गोंड म्हाताऱ्याला. पाणी भरायची पितळेची गुंडी पलीकडच्या घरच्या सुगंधाबाईला. काळी कोंबडी गुणवंतरावांना, गाडीबद्दल. सगळ्यांनी डोळे पुसत पुसत वस्तू घेतल्या. उरली काठी. ती कमळाच्या हातात देऊन म्हणाली, "हे चुलीत घाल. वापस आली तं लागणार नाई, नाई आली तरी लागणार नाई."

कमळा रडायला लागली. नातू लटारूनं आजीला उचलून गाडीत ठेवलं, आणि निघाली गाडी.

चांद्याला डोळे झाले. पट्टी बांधून उताणं निजवलं, हलायचं नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणे, "जलमभर वाकली, आता कुठी पाठ सरळ झाली." पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा चढला, आणि सगळ्यात आधी तिला दिसले ते मांडीवर ठेवलेले स्वतःचेच हात. ती उलटसुलट करून बघत राहिली. मग लटारूला विचारते, "काऊन रे, हे एवढे कवा सुकले?"

आणि हसली. डोळ्यांना पाणी लावायचं नाही म्हणून रडायचं तिनं शेतातल्या एकांतासाठी राखून ठेवलं, असं नंतर कमळानं सांगितलं.

परत आली तेव्हा मोहाची फुलं टपकायला लागली होती. मोटार रस्त्यावर सोडून गेली. तिथून बाई पुढं, गाठोडं घेऊन लटारू मागं. मध्येच थांबायची, पळसाचा लालभडक माथा बघायची, पुन्हा चालायची. लटारूनं हात धरायला पुढं केला, तर म्हणाली, "तू आपलं गाठोडं धर."

गावाच्या तोंडाशी चैतू तिच्याच खाटेवर उन्हात पसरला होता. अंगावर सावली पडली म्हणून त्यानं डोळे उघडले. वर दोन मोठाले काचेचे डोळे. तो खाटेच्या पलीकडून खाली उतरला तो थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर.

"भूत नोहोय रे चैतू. खाट उचल. दोरी ढिली केली तू, आवळून दे."

चैतूनं खाट डोक्यावर घेतली आणि तिच्या मागं मागं निघाला. दिलेली वस्तू परत मागायची रीत नव्हती, पण परत यायचीही रीत नव्हती. मग अडवणार कुणाच्या नावानं?

सुगंधाबाईनं येताना पाहिलं आणि गुंडीवर सूप झाकलं. वच्छलाबाईनं सूप उचललं, गुंडी फिरवून बघितली. "मी आंधळी होती तं चमकत होती वो. तुह्या घरी आली अन् काळी पडली."

"आता घासतच होती, बाई," सुगंधाबाई म्हणाली.

"घासून आणून दे," म्हणाली ती, आणि पुढं.

तोवर अर्धं गाव मागं लागलं होतं. वरात म्हणा ना. पुढं बाई, मागं खाट, त्यामागं गुंडी घासत घासत सुगंधाबाई. कमळा पाण्याहून येत होती, तिनं घागर खाली ठेवली. बाई तिच्यापुढं उभी राहिली, हनुवटी धरून तोंड इकडून तिकडं फिरवून बघितलं. "काठी जाळली का?"

"तुमी गेल्या त्याच दिवशी."

"बरं केलं. उद्यापासून शेतात जाजो."

राहिली कोंबडी. गुणवंतरावांच्या अंगणात वरात थांबली. ते खाली बघत म्हणाले, "बाई, ते तं शिमग्याले शिजली."

"मंग दुसरी दे. काळीच."

लोक हसले, गुणवंतराव नाही हसले. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच्या पायानं मोह वेचून, टोपली भरून परतली, तर हे दारात. बगलेत कोंबडी. "हे घे. काळी म्हणाली, काळी आणली."

कोंबडी होती तांबडी. वाळल्या मिरचीसारखी. आजूबाजूच्या बायांनी पदर तोंडाला लावले. बाईच्या ओठावर टोमणा आलाच होता. पण ती जवळ गेली, भिंगातून तिनं गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि टोमणा गिळला. तिथं तोच पांढरा पडदा होता, जो तिच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं होता. माणूस फसवत नव्हता. त्याला खरंच काळी दिसत होती.

तिनं कोंबडी घेतली. "काळीच हाय," म्हणाली. मग बाया पांगल्यावर हळूच बोलली, "कवापासून दिसत नाई, गुणवंता?"

ते पायरीवर बसले. ढोलासारखा आवाज पार उतरला होता. "दोन साल झाले. पण आता मले कुठी नेतं, बाई? कापणीले आलेली बांधी मी."

वच्छलाबाईनं टोपली खाली ठेवली, चष्मा पदराच्या टोकानं पुसून पुन्हा चढवला, आणि म्हणाली, "जाय ना. गाडी तुहीच हाय, हाकलाले लटारू येईन, अन् वयाची अट तिथी नाई. एकच ध्यानात ठेव, जायच्या आधी कोणाले काई वाटू नोको. वापस मांगाले घरोघर फिरा लागते."