कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत

अक्काचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. "हे गेले रे," एवढंच म्हणाली. दाजींना जाऊन आता महिना उलटला.

दाजी मुरुमच्या शाळेत मास्तर. येणेगूरच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ते एका खोलीत, आणि खरं तर अक्काही त्याच खोलीत. कूस बदलायची तरी त्यांना ती लागायची. येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला जायचं ती दरवर्षी ठरवायची, दरवर्षी राहून जायचं. खाटेशेजारी जुना कॉम्प्युटर होता. शाळेतले सोबती प्रश्नपत्रिका टाइप करायला पाठवायचे, तेवढंच काम दाजींना उरलेलं. पण तो सुरू व्हायला इतका वेळ लावायचा की तेवढ्यात चहा होऊन जायचा. मध्येच अडकला की पुन्हा बटण दाबायचं. बटणापर्यंत दाजींचा हात पोचत नव्हता, म्हणून पडदा उजळेपर्यंत अक्का खाटेच्या कडेला बसून राहायची.

एका रविवारी मी गेलो. कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ ब्रशनं काढली. चालू होतानाच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम बंद केले, साठलेल्या बिनकामाच्या फाइली पुसल्या, रॅम वाढवली, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगानं चालणारी एसएसडी बसवली. बटण दाबलं, तर अक्का खाली टेकायच्या आत पडदा उजळला. स्वयंपाकघरात चहा देताना ती हळूच म्हणाली, "लई बरं केलंस. सकाळी तेवढंच दारात जाऊन उभं राहता येईल. माणसं तरी दिसतील."

पुढच्या खेपेला, ती पाणी भरायला गेली तेव्हा दाजींनी मला जवळ बोलावलं.

"दिनू, ह्याला पहिल्यासारखं करता येतं का?"

"का, दाजी? अडकतोय का?"

"न्हाय. लई चांगला चालतोय." ते छताकडं बघत राहिले. "पहिलं तो सुरू होईपर्यंत तुझी अक्का बसायची. काहीबाही बोलायची... आता बटण दाबती अन् जाती."

"मग तिला बस म्हणा की."

"दिवसभर हाकाच मारतोय तिला. अजून एक कशी मारू?"

एसएसडी काढायला मला वेळ लागला नसता. पण अक्काचं बोलणं कानात होतं, आणि समोर दाजी... "बघतो," म्हणालो. त्यांनीही परत कधी विचारलं नाही.

परवा मुरुमला गेलो. अक्काला म्हटलं, आता चार दिवस माझ्याकडं चल. "येते की," म्हणाली. सकाळी मी दाजींच्या खाटेवर बसलो होतो आणि ती दारात पाठमोरी उभी होती. रस्त्याकडं बघत एकदम मोठ्यानं म्हणाली, "लोहाऱ्याची एसटी गेली. सुतारांची म्हैस सुटली वाटतं."

"कुणाला सांगतीस, अक्का?"

ती वळली. जरा ओशाळली. "एकदा ह्यांनी आतून हाक मारली. मला वाटलं, पाणी पाहिजे. तर म्हणाले, काही नको, कोण चाललंय तेवढं तिथूनच सांग. मग रोजच सांगायची..."

आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. मीच खाटेवरून विचारलं, "अक्का, आता कोण गेलं गं?"

"कुणी न्हाय रे," ती म्हणाली.