खाटेखालची बाटली

ऑपरेशन झाल्यापासून मी ह्यांच्याकडे कमी आणि खाटेखालच्या बाटलीकडे जास्त बघत होते. विषाणूच्या न्यूमोनियातून हे वाचले, पण फुप्फुसाभोवती पू साचून त्याची जाड साल धरली होती. डॉक्टरांनी छाती उघडून ती सोलून काढली. आता बरगड्यांमधून निघालेली नळी त्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली होती.

"फुप्फुसातून हवा गळतेय तोवर बुडबुडे येणार," सिस्टर म्हणाल्या. "ते थांबले की नळी काढतील."

आयुष्य म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा, हे कीर्तनात ऐकताना मी मान डोलवायची. इथे मात्र बुडबुडा दिसला की मी देवाचा धावा करायची.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी काहीतरी गंमत केली. हे हसले, आणि बाटलीत बुडबुड्यांची रांग उठली.

"हसू नका हो," मी म्हणाले. ह्यांनी जरा हसावं म्हणून जन्मभर मागे लागलेली मी.

मग एका सकाळी पाणी अगदी शांत दिसलं. मी घाईने ह्यांच्या नाकाशी हात धरला.

"आहे मी," हे डोळे न उघडता म्हणाले.

नळी निघाली, आम्ही घरी आलो. काल पलंगावर बसून चहा पिताना हे खळखळून हसले. मी वाकून पलंगाखाली पाहिलं. तिथे फक्त ह्यांच्या चपला होत्या.