दोघांची खोली

२००६च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या एका सफारी पार्कच्या हॉटेलात आम्ही दोन दिवस राहिलो. शेजारच्या खोलीत एक तरुण इंजिनिअर एकटाच उतरला होता. पुण्यात असलेल्या त्याच्या बायकोचा व्हिसा पुन्हा अडकला होता. सकाळी व्हरांड्यात त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि कठड्याबाहेर धरला.

"ऐक, झेब्रा कुत्र्यासारखा भुंकतोय."

"माझ्या वाटणीचा नाश्ताही तूच खाल्लास ना?" तिने विचारलं.

"दोन्ही ऑम्लेटं."

ती हसली. फोन बंद झाल्यावरही तो थोडा वेळ तसाच हात लांब करून उभा होता.

"दोघांचं बुकिंग कॅन्सल का नाही केलंस?" मी विचारलं.

"केलं असतं तर तिला वाटलं असतं, मी आशा सोडली, काका."

निघताना त्याने काउंटरवर पुढच्या मार्चसाठी तीच खोली मागितली. क्लार्कने विचारलं, माणसं किती? तो म्हणाला, "दोन."