ताठ पाठीचं पाणी
मडक्याखाली डोईवर ठिवायच्या ओल्या चुंबळीचा वास आला की मला नरसिंगपूरचा घाट दिसतो. तवा मला तेरावं लागलं हुतं, नुकतीच नांदायला आलेली. सुनंनं मान खाली घालून चालायचं, म्हणून मी पार कुबड काढून नदीचं पाणी आणायची. पायऱ्या चढताना डोईवरचं मडकं पुढं कलायचं, दोन फुटलीबी. सासूनं बजावलं, "अजून एक फुटलं तर माहेरी धाडीन." माहेरात तर खायाचंच वांधं. त्या सकाळी थोरली जाऊ डोईवर दोन घागरी घिऊन म्होरं चढत हुती, थेंब सांडत न्हवता. मी बघतच ऱ्हायले. तिनं थांबून मला म्होरं घेतलं, माझ्या मणक्यावर बोट टेकवलं. "खाली काय हुडकतीस गं? पायाला पायऱ्या ठावं हायत. ताठ हो." मी ताठ झाले, आन् मडकं डोईला चिकटल्यावानी गप बसलं. पाय आपसूक पडाया लागलं, माझंच अंग मला नवं वाटलं. वर दारात सासू उभी. माझी मान वर, म्हणलं आता बोलणी बसणार. तिनं माझ्या खांद्यावरचं लुगडं चाचपलं, कोरडं हुतं. "पदर फुडं वढ," म्हणाली, "चाल अशीच ऱ्हाऊ दे." आज मी काठी धरून वाकून चालते, पर डोईवर चुंबळ ठिवली की पाठ अजून आपली आपण सरळ होती.